रिकामी गाडी जाते, भरलेली घासते: ग्राउंड क्लिअरन्सचं गणित

गणपतीला कोकणात निघालेली एखादी हॅचबॅक डोळ्यांसमोर आणा. मागे तिघं, पुढे दोघं, डिकी गच्च भरलेली, उरलेल्या पिशव्या पायाशी. एरवी ऑफिसला जाताना ज्या स्पीडब्रेकरवरून ही गाडी विनातक्रार जाते, त्याच स्पीडब्रेकरवर आज खालून खर्रर्र आवाज येतो आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरे अरे’ निघतं. गाडी तीच, स्पीडब्रेकर तोच, कंपनीच्या माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सही तोच. मग घासली का?

गाडी सपाट जागेवर उभी असताना, चाकं सोडून तिचा जो भाग सर्वांत खाली येतो, तो आणि जमीन यांच्यामधलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. आपल्या रस्त्यांवरच्या काही ओळखीच्या गाड्यांचे आकडे असे आहेत: मारुती स्विफ्ट १६३ मिलिमीटर, वॅगनआर १६५, रेनो क्विड १८४, टाटा पंच १८७, ब्रेझा १९८, नेक्सॉन २०८. म्हणजे स्विफ्ट आणि नेक्सॉन यांच्यात फरक साडेचार सेंटीमीटरचा, आडव्या धरलेल्या दोन-तीन बोटांएवढा. या दोन-तीन बोटांसाठी लोक लाखभर रुपये जास्त मोजायला तयार होतात. कधी ते योग्य असतं, पण पुष्कळदा फक्त त्या आकड्याकडे बघून निर्णय घेतला जातो, आणि तो आकडा जेवढं सांगतो त्याहून जास्त झाकून ठेवतो.

पहिली झाकलेली गोष्ट अशी की माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आत माणूस नाही, डिकीत सामान नाही. सरकारी व्याख्येतही हा मुद्दा आलेला आहे. मोठ्या युटिलिटी गाड्यांवर जास्त उपकर लावताना जीएसटी परिषदेनं जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं की लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी किंवा त्याहून जास्त, तोही गाडी रिकामी असताना, अशी गाडी या वर्गात धरायची. ‘रिकामी असताना’ हे मुद्दाम लिहावं लागलं, कारण भरलेल्या गाडीचं माप घेतलं तर तीच गाडी १७० च्या खाली उतरू शकते आणि तेव्हाच्या नियमानं कर बदलला असता.

आपण रिकामी गाडी कधी चालवतच नाही. निदान चालवणारा तरी आत असतोच. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं आणि डिकीत सामान म्हटलं की दोन-अडीचशे किलो वजन मुख्यतः मागच्या चाकांवर येतं. लहान गाडीच्या स्प्रिंगा मऊ असतात, नाहीतर रोजच्या खड्ड्यांत पाठ मोडेल. त्यामुळे एवढ्या वजनानं मागची बाजू ३ ते ४ सेंटीमीटर सहज खाली बसते, कधी थोडी जास्तही. शिवाय गाडी चालत असताना खड्ड्यात आपटली की स्प्रिंग आणखी दबते. म्हणजे १६३ मिमीची गाडी कुटुंबासकट निघाली की मधल्या भागात तिच्याकडे १३० मिमीच्या आसपास उरतात, आणि एखाद्या हिसक्याच्या क्षणी त्याहूनही कमी.

सीएनजीवाल्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. डिकीतली लोखंडी टाकी, तिची चौकट आणि भरलेला गॅस मिळून एका मोठ्या माणसाचं वजन कायम मागे बसलेलं असतं. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीची मागची स्प्रिंग हे वजन धरून दिलेली असते. बाहेरून किट बसवताना स्प्रिंगचा विचार बऱ्याचदा कुणी करत नाही. अशी गाडी मागून बसकी दिसते आणि चौघं बसले की लगेच घासते. किट बसवणाऱ्याला स्प्रिंगबद्दल आधीच विचारा.

खाली नेमकं काय लोंबतं, हेही आकडा सांगत नाही. पुढे इंजिनाखाली ऑइलचं भांडं असतं, त्याला गॅरेजमध्ये चेंबर किंवा सम्प म्हणतात. मग सायलेन्सरचा पाइप, जो इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत जातो. मागच्या सीटच्या खाली पेट्रोलची टाकी. इलेक्ट्रिक गाडीत जमिनीलगत बॅटरीचा पेटारा. यांतलं प्रत्येक घासलं तर होणारं नुकसान वेगळं. पुढच्या बंपरच्या खालची प्लास्टिकची पट्टी घासली तर चरा पडतो, फार तर क्लिप तुटते. सायलेन्सर घासला तर हँगरचं रबर निखळतं आणि गाडी खडखडायला लागते. चेंबरला दगड लागला तर मात्र गोष्ट गंभीर होते. म्हणून दोन गाड्यांचा आकडा सारखा असला, तरी एकीत सर्वांत खाली प्लास्टिकचं आच्छादन असेल आणि दुसरीत उघडं चेंबर असेल, तर त्या दोन गाड्या सारख्या नाहीत. पुढची गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून एकदा बघाच. विक्रेत्याला विचित्र वाटलं तर वाटू दे.

दोन चाकांमधलं अंतर

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी उंचवट्यावर मधोमध टेकते की नाही, हे फक्त उंचीवर ठरत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तेवढाच महत्त्वाचा असतो. वॅगनआर आणि होंडा सिटी या दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी. पण वॅगनआरचा व्हीलबेस २४३५ मिमी आणि सिटीचा २६००. चाकं जितकी दूर, तितकं मधलं पोट उंचवट्याच्या टोकाला लवकर भिडतं. हिशोब केला तर वॅगनआर साधारण साडेपंधरा अंशांचा कोन, म्हणजे माथ्यावर उतारात होणारा तेवढा बदल, ओलांडू शकते, सिटी साडेचौदाचा. आकडा एकच, पण सिटी घासेल आणि वॅगनआर निघून जाईल अशी एखादी जागा सहज सापडेल.

तसंच पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागच्या चाकांच्या मागे किती गाडी बाहेर आलेली आहे, तेही बघायला हवं. स्विफ्ट आणि डिझायर या दोन्हींचा व्हीलबेस २४५० मिमी, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स १६३. मात्र स्विफ्टची लांबी ३८६० मिमी, तर डिझायरची ३९९५. ही जास्तीची लांबी मुख्यतः मागच्या डिकीत गेली आहे. खड्या उतारावरून रस्त्यावर येताना डिझायरची शेपटी टेकण्याची शक्यता म्हणूनच जास्त.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार घेऊ. चार फूट आडवं गेल्यावर एक फूट चढणारा रॅम्प म्हणजे १४ अंशांचा चढ. असे रॅम्प जुन्या, दाटीवाटीच्या इमारतींमध्ये दिसतात. रॅम्पच्या माथ्यावर, जिथे चढ संपून सपाट जमीन सुरू होते, तिथे गाडीच्या पोटाला हा कोन ओलांडावा लागतो. रिकाम्या स्विफ्टची मर्यादा सुमारे १५ अंश, म्हणजे ती निसटून जाते. तीच गाडी माणसांनी भरून पोटाखाली १३० मिमी उरले की मर्यादा १२ अंशांवर येते, आणि माथ्याला पोट घासतं. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. एक ते दीड अंशाच्या फरकावर आपण रोज गाडी काढत असतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही, जोपर्यंत पाहुणे येत नाहीत. हाच रॅम्प आठ फुटांना एक फूट चढणारा असेल तर कोन फक्त ७ अंशांचा होतो आणि कुठलीही छोटी गाडी भरलेली असली तरी सहज चढते. सोसायटीत रॅम्पचं काम निघालं आणि चढ कमी करता येत नसला, तरी माथ्याचा कोपरा गोलाकार करून घ्या असं कंत्राटदाराला नक्की सांगा. एवढ्यानंही फार फरक पडतो.

दोष गाडीचा की स्पीडब्रेकरचा

स्पीडब्रेकर कसा असावा याचं माप आपल्याकडे ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांनुसार, ताशी २५ किलोमीटरनं ओलांडण्यासाठीचा गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच, गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. त्यावर पट्टे रंगवलेले हवेत आणि आधी सूचनाफलक हवा.

३.७ मीटर रुंद! बारा फूट. आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर आठवून बघा. तो जेमतेम फूट-दीड फूट रुंद असतो.

ही रुंदी का महत्त्वाची आहे ते समजून घेण्यासारखं आहे. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर छोट्या गाडीच्या व्हीलबेसपेक्षा रुंद असतो. म्हणून गाडीचं पोट माथ्यावर येतं तेव्हा पुढची आणि मागची, चारही चाकं त्या उंचवट्यावर असतात. गाडी स्वतःच वर उचललेली असते. अशा वेळी चाकांच्या पातळीपेक्षा मधला माथा फक्त ४४ मिमी वर येतो. स्पीडब्रेकर १०० मिमी उंच असूनही गाडीच्या १६३ मधले फक्त ४४ मिमी खर्च होतात. भरलेल्या गाडीलाही भरपूर जागा उरते, आणि कडेचा चढही सुमारे ६ अंशांचाच असल्यानं पुढचं बंपर टेकत नाही.

आता गल्लीतला अरुंद उंचवटा घ्या. त्यावर एका वेळी एकच चाकजोडी चढते. पुढची चाकं उतरून जमिनीवर आलेली, मागची अजून जमिनीवरच, आणि मधे पोटाखाली तो अख्खा उंचवटा. म्हणजे त्याची पूर्ण उंची वजा होते. तो १० सेंटीमीटरचा असला तर १० सेंटीमीटर, रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणानंतर कुणीतरी त्यावर आणखी एक थर चढवून १५ केला असेल तर १५. भरलेल्या गाडीकडे १३ सेंटीमीटर उरलेले आहेत. घासणारच. शिवाय पुढची चाकं त्यावरून धप्पकन उतरतात तेव्हा स्प्रिंग दबून नाक खाली येतं आणि चेंबर नेमकं त्या क्षणी सर्वांत खाली असतं.

मला या बाबतीत मनापासून वाटतं की आपण दोष चुकीच्या जागी देतो. गाडी घासली की ‘हिचा क्लिअरन्सच कमी’ म्हणतो आणि पुढची गाडी उंच घेतो. ज्या शाळेसमोर, ज्या वस्तीत खरोखर वेग कमी व्हायला हवा तिथे स्पीडब्रेकर हवाच. पण फूटभर रुंदीचा डांबराचा बांध रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला, दुचाकीवरच्या गरोदर बाईला आणि रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसाला गाडीवाल्यापेक्षा जास्त त्रास देतो. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा गावात ग्रामपंचायत आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे तक्रार करताना ‘स्पीडब्रेकर फार उंच आहे’ एवढंच न लिहिता टेपनं रुंदी आणि उंची मोजून ती लिहावी आणि आयआरसी ९९ चा उल्लेख करावा. मोजमाप दिलेली तक्रार टोलवणं कठीण जातं.

चालवताना

ब्रेक आधी लावा, उंचवट्यावर नाही. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक दोन-तीन सेंटीमीटर खाली झुकलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी पुढची चाकं चढत असतात. वेग आधीच अगदी कमी करून, चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडला की नाक वर येतं. उतरतानाही तसंच, हळूच उतरू द्यायचं. नुसत्या एवढ्या सवयीनं बऱ्याच घासण्या थांबतात.

अरुंद उंचवट्यावरून तिरपं जाण्याची पद्धत अनेकांना माहीत असते. तिरपं गेलं की चारही चाकं वेगवेगळ्या वेळी चढतात आणि पोटाखाली मोकळा उंचवटा राहण्याचा काळ कमी होतो. रिकाम्या रस्त्यावर हे चालतं. घाटात किंवा दुचाकींच्या गर्दीत तिरपं जाऊ नका. मागून येणाऱ्याला तुम्ही वळताय की काय ते कळत नाही. अगदीच वाईट जागा असेल तर मागच्या दोघांना उतरवून गाडी पलीकडे काढणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर पाहिलेल्या तीन अंशांच्या फरकातला बराचसा तेवढ्यानं परत मिळतो.

शेतरस्त्याचं गणित वेगळं. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा, गवताचा बांध राहतो. तिथे व्हीलबेस कमी असून उपयोग नाही, कारण बांध गाडीच्या पूर्ण लांबीभर पोटाखाली चालू असतो. गवतात लपलेला दगड हा तिथला खरा धोका. शक्य असेल तर चाकोरी सोडून एका बाजूची चाकं मधल्या बांधावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवून जावं. रस्त्यात पडलेला मोठा दगडही ‘पोटाखालून जाईल’ असा अंदाज बांधून मधे घेऊ नये. त्याला वळसा घालावा, नाहीतर उतरून बाजूला करावा.

पाण्याचा विषय थोडक्यात. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात ग्राउंड क्लिअरन्सचा उपयोग मर्यादित असतो. महत्त्वाची असते ती इंजिनात हवा ओढणाऱ्या तोंडाची उंची, आणि समोरून बस आली की तिच्या लाटेनं ती उंचीही अपुरी पडते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी गेलेलं असेल तर त्या एका प्रयत्नात इंजिनातला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो.

गाडी उंच करून घ्यावी का

मोठे रिम टाकले की गाडी उंच होते असा समज आहे. स्विफ्टच्याच दोन प्रकारांचे टायर घ्या: १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिम इंचांत). पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिमी, दुसऱ्याचा ६२१ ते ६२२. रिम एक इंचानं मोठा झाला, पण टायरची भिंत तेवढीच कमी झाली. उंचीत फरक एक मिलिमीटर. उलट खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका थोडा वाढला. उंची खरंच वाढवायची तर टायरचा पूर्ण व्यास वाढावा लागतो, आणि वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची मिळते. १४ इंची रिमवर १६५/८० ऐवजी १७५/८० टाकला तर फक्त ८ मिमी मिळतात, आणि स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडी १०२ ते १०३ च्या वेगात असते.

दुसरा मार्ग स्प्रिंगमध्ये रबराचे बफर घालण्याचा किंवा स्प्रिंगवर स्पेसर बसवण्याचा. बफरमुळे स्प्रिंगचे काही वेढे कामच करत नाहीत, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो आणि गाडी कडक उडते. स्पेसरनं उंची वाढते, पण चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन आणि चाकांचा कल बदलतो, टायर एका बाजूनं झिजायला लागतात. वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत परस्पर फेरफार करण्यावर बंधनं आहेत. मागच्या स्प्रिंगा जुन्या होऊन बसल्या असतील तर त्या मूळ मापाच्या नव्या टाकून घेणं हा मात्र चांगला खर्च आहे. दहा वर्षं भरून चालवलेल्या गाडीत त्यानं हरवलेली उंची परत येते.

उंचीची किंमतही असते. गाडी वळणावर उलटण्याचा धोका मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. उत्तर जितकं कमी, तितका धोका जास्त. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था गाड्या तपासताना हाच आकडा वापरते. साध्या कारमध्ये तो बहुधा १.३ ते १.५ येतो, एसयूव्हीत १ ते १.३. समजा चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर, तर उत्तर १.३६. गाडी ४ सेंटीमीटर वर उचलली तर १.२७. याचा परिणाम काय होऊ शकतो हे १९९७ मध्ये जगानं पाहिलं. मर्सिडीजची नवी, छोटी पण उंच ए-क्लास स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, समोर अचानक प्राणी आला असं समजून घेतलेल्या झटक्याच्या वळणावर उलटली. कंपनीनं गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सरसकट दिली. कशेडी किंवा आंबोलीच्या घाटात कुत्रं आडवं आलं की आपणही तसंच वळण घेतो.

म्हणून रोज मुख्यतः चांगल्या डांबरी रस्त्यावर, एक-दोघांनी जाणाऱ्या माणसाला १६५ मिमी पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव आतल्या रस्त्यावर असेल, महिन्यातून दोनदा पाच माणसं आणि तांदळाची पोती घेऊन जायचं असेल, तर १८० च्या पुढचं घ्यावं. टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं जाऊ नका. घरची चार माणसं बसवा आणि तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून, तुमच्याच गल्लीतल्या सर्वांत वाईट स्पीडब्रेकरवरून गाडी न्या.

आणि एवढं करूनही कधी खालून जोरात काही लागलंच, तर पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबा आणि गाडी उभी केलेल्या जागी दोन-तीन मिनिटांनी वाकून बघा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नाही. काळं-तपकिरी, चिकट काही असेल, किंवा डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि गॅरेज एक किलोमीटरवर असलं तरी गाडी टो करूनच न्या. नवं चेंबर काही हजारांत बसतं. तेलाशिवाय एक किलोमीटर चाललेलं इंजिन खोलून बांधायला त्याच्या अनेक पट खर्च येतो.